नेम धरणारी औषधं

प्रस्तावना

कॅन्सरच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं: "आमचं केमो नाहीये, टार्गेटेड आहे. साइड इफेक्ट नाहीत." सांगणाऱ्याचा जीव भांड्यात पडलेला असतो, आणि ते साहजिक आहे. केमो म्हटलं की केस जाणं, उलट्या, तोंड येणं, काउंट पडणं हे सगळं डोळ्यांपुढे येतं. त्याऐवजी रोज एक गोळी, किंवा तीन आठवड्यांतून एकदा सलाईन आणि संध्याकाळी घरी. मग पंधरा दिवसांत चेहऱ्यावर पुरळ उठतं, नखांच्या कडा सुजतात, कधी नव्हे ते बीपी वाढतं. याचा त्या गोळीशी संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही येत नाही, कारण साइड इफेक्ट नाहीत हे आधीच ठरलेलं असतं. मेडिकलमधून मुरमांचं मलम येतं. कुणीतरी गोळी परस्पर बंद करतं.

त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसऱ्यासाठी हे पुस्तक लिहिलं. या औषधांना दुष्परिणाम असतात, काही वेळा जिवावर बेतणारेही असतात. पण केमोपेक्षा त्यांचं एक बरं आहे: त्यांच्यात तर्क आहे. औषध ज्या प्रथिनावर नेम धरतं, ते प्रथिन शरीरात आणखी कुठे काम करतं एवढं कळलं, की त्रास कुठे होईल याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो. हा तर्क डॉक्टरांपुरता ठेवण्याइतका अवघड नाही. रुग्णाच्या मुलीला, भावाला, सुनेला तो समजू शकतो, कारण चोवीस तास रुग्णाजवळ तीच माणसं असतात.

कल्पना तशी जुनी. रोगाला लागेल आणि रोग्याला लागणार नाही अशा जादूच्या गोळीची भाषा पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केली होती. हाती आलं ते मात्र भलतंच. मस्टर्ड वायूच्या नात्यातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं. पुढे पाच-सहा वर्षांत बॉस्टनला सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन लहान मुलांचा ल्युकेमिया काही काळापुरता का होईना, मागे हटवून दाखवला. केमोची सुरुवात ही अशी. केमोला कॅन्सर ओळखता येत नाही. भराभर वाढणारी पेशी दिसली की मारायची एवढंच त्याला कळतं. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा या सगळ्यांच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या सापडतात. त्यात नेम चुकलेला नसतो. तिथे नेमच नसतो.

नेम पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लागला तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा तोकडं दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की तो तुकडा हरवलेला नाही. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपसांत तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. निरोगी पेशीत ते नसतं, आणि ते पेशीला वाढायचा हुकूम अखंड देत राहतं. ब्रायन ड्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी १९९८ मध्ये रुग्णांना द्यायला सुरुवात केली. इंटरफेरॉन या आधीच्या उपचाराने गुण न आलेल्या, रोजचे ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध घेतलेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. ज्या आजारात डॉक्टर वर्षं मोजायचे, त्यात रुग्ण निवृत्त व्हायला लागले, नातवंडं खेळवायला लागले.

तरीही इमॅटिनिब घेणाऱ्याला सकाळी आरशात पाहायला सांगा. पापण्या सुजलेल्या असतात. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. काहींची कातडी उजळते, आणि शेजारीपाजारी त्याला तब्येत सुधारल्याची खूण समजतात! कारण एवढंच, की ही गोळी बीसीआर-एबीएलबरोबर किट आणि पीडीजीएफआर या दोन प्रथिनांनाही रोखते. किट कातडीला रंग देणाऱ्या पेशींना लागतं. गंमत अशी, की हाच वावगा मार २००२ पासून जिस्ट या पोटातल्या गाठीवरचा उपचार म्हणून मान्य आहे, कारण ती गाठ बहुतेक वेळा किटच्याच जोरावर वाढते. एका आजारात जो त्रास, तोच दुसऱ्या आजारात गुण.

आता ही औषधं नेमकी काय करतात ते. पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात. त्यांच्यावर वाढीचा निरोप येऊन टेकला की आत हालचाल सुरू होते. दाराची बेल धरा. कॅन्सरमध्ये कधी ती दाबलेली अडकून बसते, कधी एका दाराला पन्नास बटणं बसवलेली असतात. आवाज थांबवायचे दोन मार्ग. बटणावर बाहेरून काहीतरी घट्ट बसवायचं, किंवा भिंतीआड जाऊन वायर तोडायची. पहिलं काम अँटीबॉडीचं, दुसरं गोळीचं. अँटीबॉडीचा रेणू अवाढव्य असतो, इमॅटिनिबच्या सुमारे ३०० पट जड. तोंडावाटे दिली तर ती अन्नासारखी पचून जाईल, म्हणून सुईनेच द्यावी लागते. गोळीतला रेणू इवलासा, तो पेशीच्या आत शिरतो. फाइलमधल्या नावाच्या शेवटी 'मॅब' दिसलं तर अँटीबॉडी, 'निब' दिसलं तर आतली वायर तोडणारी गोळी, एवढी खूणगाठ बांधली तरी पुस्तकातली निम्मी प्रकरणं सोपी जातील.

ईजीएफआर हे असंच एक बटण. फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाच्या भारतीय रुग्णांपैकी चौथ्या हिश्शाच्या आसपास जणांत त्याच्या जनुकात बदल सापडतो, म्हणून बायोप्सीचा ब्लॉक तपासायला पाठवतात. रिपोर्टला वेळ लागतो आणि घरच्यांचा धीर सुटतो. पण २००४ मध्येच कळलं होतं की ईजीएफआरला रोखणारी जेफिटिनिब ही गोळी ज्यांना झपाट्याने लागू पडत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांत हा बदल होता. रिपोर्टशिवाय गोळी सुरू करणं हा अंधारातला बाण.

हेच ईजीएफआर कातडीला, केसांच्या मुळांना, नखांना आणि आतड्याच्या अस्तराला रोजच्या दुरुस्तीसाठी लागतं. तेव्हा एर्लोटिनिब, जेफिटिनिब किंवा सेटुक्सिमॅब सुरू झालं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर, छातीवर, टाळूत पुरळ येतं. दिसतं मुरमांसारखं, असतं वेगळं. मुरमांची मलमं कातडी आणखी कोरडी करतात आणि आग वाढवतात. याला लागतं ते साधं मॉइश्चरायझर, उन्हापासून बचाव आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी. पुढे अंगठ्याच्या नखाची कड मांसात रुतल्यासारखी दुखते, चप्पल घालवत नाही. काहींच्या पापण्यांचे केस लांब, कुरळे होतात आणि डोळ्यांत टोचतात. ते कापावे लागतात. डोक्याचे केस जाणार नाहीत असं ऐकून आलेल्या बाईला पापण्यांचे केस वाढताना पाहून काय वाटत असेल, याचा विचार माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांनी क्वचितच केलेला दिसतो. पुरळ जास्त त्यांच्यात औषधाचा गुणही जास्त, असं या गटातल्या औषधांच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मात्र पुरळ नाही म्हणजे औषध वाया चाललं, असा उलटा हिशेब लावू नये. ऑसिमर्टिनिबसारखी नवी गोळी निरोगी ईजीएफआरला त्यामानाने कमी धक्का लावते, त्यामुळे तिचं पुरळही सौम्य असतं.

टार्गेटेड म्हणजे केमोच्या विरुद्ध पक्षातलं, हाही एक गैरसमज. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ३५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात जेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. गंभीर दुष्परिणामही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. दोन्ही आकडे एकाच श्वासात सांगायला हवेत. दवाखान्यात सहसा पहिलाच सांगितला जातो.

हर-टू या बटणाची गोष्ट थोडी अधिक सबुरीने वाचावी, कारण इथे प्रश्न काळजाचा आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हे बटण प्रमाणाबाहेर असतं. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की अशा गाठी जास्त आक्रमक असतात. १९९८ मध्ये या बटणावर बसणारं ट्रॅस्टुझुमॅब बाजारात आलं. त्याने केस जात नाहीत, उलट्या फारशा होत नाहीत. पण ताण पडल्यावर स्वतःला सावरण्यासाठी हृदयाच्या स्नायूलाही हर-टू लागतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लाल सलाईनच्या, म्हणजे अँथ्रासायक्लिन गटातल्या केमोबरोबर ते दिलं तेव्हा २७ टक्के रुग्णांच्या हृदयावर परिणाम झाला. तेच केमो एकटं दिलं तेव्हा ८ टक्के. एकाने स्नायूला इजा केली, दुसऱ्याने दुरुस्ती थांबवली. तेव्हापासून ही दोन्ही एका वेळी देणं टाळतात, आणि सुरुवातीला व नंतर दर तीन महिन्यांनी इको करतात. "मागच्या वेळचा इको चांगला होता, कशाला पुन्हा खर्च?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यासाठी एक स्वतंत्र पान दिलं आहे. सुदैवाने वेळेवर कळलं आणि औषध थांबवलं, तर हृदय बहुतेकांचं पूर्वपदावर येतं.

बेव्हॅसिझुमॅबचं थोडक्यात सांगतो. ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत. दात काढायला जातानाही दंतवैद्याला सांगायला हवं. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहायचं तेही रक्तवाहिन्यांवरच्या या परिणामामुळेच.

इम्युनोथेरपीवरचं प्रकरण सगळ्यांत लांब झालं, आणि त्याला कात्री लावायला मी नकार दिला. आपल्या टी पेशींनी आपल्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून त्यांना आवर घालणारी काही प्रथिनं असतात. जेम्स ॲलिसन यांनी त्यांतल्या सीटीएलए-४ वर आणि क्योटोच्या तासुकू होंजो यांनी पीडी-१ वर काम केलं. २०१८ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. कॅन्सर हा आवर स्वतःच्या बचावासाठी वापरतो. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब ही औषधं तो काढून टाकतात. ती कॅन्सरच्या पेशीला हातही लावत नाहीत. त्यांचा नेम रुग्णाच्या स्वतःच्या फौजेवर असतो. आवर सुटलेली फौज कुणावरही चालून जाऊ शकते. थायरॉइडवर, आतड्यावर, यकृतावर, फुफ्फुसावर, क्वचित हृदयावर. हे काही आठवड्यांनी होऊ शकतं, काही महिन्यांनी होऊ शकतं, औषध थांबवल्यानंतरही होऊ शकतं.

जुलाबाचंच पाहा. इरिनोटेकॅन या केमोने जुलाब होतात, ईजीएफआरच्या गोळीने होतात, इम्युनोथेरपीनेही होतात. लक्षण एक, कारणं तीन. गोळीने झाले तर बहुधा लोपेरामाइड, भरपूर पाणी आणि गरज पडली तर काही दिवस गोळीला सुट्टी एवढ्यावर भागतं. इम्युनोथेरपीने झाले तर ते पोट बिघडणं नसतं. तिथे आतड्याला स्वतःच्याच पेशींनी सूज आणलेली असते, आणि तिला स्टेरॉइड लागतं, तेही लवकर आणि भरपूर मात्रेत. रुग्ण मात्र तोवर गावी गेलेला असतो. रात्रीत सात-आठ वेळा उठावं लागलं तर तो तालुक्याच्या डॉक्टरांकडे जातो. त्यांना फाइल कुणी दाखवत नाही. ते सलाईन आणि अँटिबायोटिक देतात. चार दिवस असे जातात, आणि हे चार दिवस महागात पडतात. कोरडा खोकला आणि धाप यांचंही तेच: पावसाळ्यात ती सर्दी समजली जाते. भरीला स्टेरॉइडचं नाव काढलं की घरचे बिथरतात आणि जरा बरं वाटताच ते अचानक बंद करतात, मग सूज परत उसळते. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवत आणायची असते.

नेम बरोबर लागूनही त्रास होतो, याचं आणखी एक उदाहरण रिटुक्सिमॅबचं. १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही कॅन्सरवरची पहिली मोनोक्लोनल अँटीबॉडी. ती बी पेशींवरच्या सीडी-२० वर बसते. लिम्फोमाच्या आणि निरोगी, दोन्ही बी पेशी जातात. मग यकृतात वर्षानुवर्षं गप्प पडून असलेला हिपॅटायटिस बी जागा होऊ शकतो. म्हणून पहिल्या सलाईनआधी त्याची रक्ततपासणी सक्तीची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी (बदललेल्या टी पेशींच्या) उपचाराचं लक्ष्य सीडी-१९, तेही सगळ्याच बी पेशींवर असतं. तिथे सुरुवातीच्या दिवसांतल्या तापाकडे आणि घसरणाऱ्या बीपीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

अँटीबॉडी कारखान्यात रसायनं ढवळून होत नाहीत. केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टीन आणि जॉर्ज कोहलर यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची अँटीबॉडी अखंड बनवणाऱ्या पेशी तयार केल्या आणि त्या तंत्राचं पेटंट घेतलं गेलं नाही. आज यातली बरीचशी औषधं चिनी हॅमस्टरच्या पेशींच्या वाणात वाढवतात. जिवंत पेशींतून आलेल्या मालाची हुबेहूब नक्कल होत नाही, जवळची आवृत्ती होते. तिला बायोसिमिलर म्हणतात. बंगळुरूच्या बायोकॉनने मायलनबरोबर केलेल्या ट्रॅस्टुझुमॅबला भारतात २०१३ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. नातेवाईक मुंबईहून औषध घेऊन एसटीने निघतो, थर्माकोलच्या डब्यात बर्फ ठासतो आणि कुपी थेट बर्फाला टेकवतो. गोठलेली अँटीबॉडी वाया गेली म्हणून समजा. मध्ये कापडाची घडी हवी, आणि घरी गेल्यावर फ्रीजरमध्ये नव्हे, खालच्या कप्प्यात.

किमतीबद्दल लिहिलं नाही तर हे पुस्तक अर्धवट राहील. इमॅटिनिबच्या मूळ कंपनीचं औषध आपल्याकडे महिन्याला सुमारे १ लाख २० हजारांना पडत होतं, भारतीय कंपन्यांचं ८ ते १० हजारांना. मूळ कंपनीने औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितलं. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्याविरुद्ध उभी राहिली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट नाकारलं: ज्ञात औषधाच्या नव्या रूपाने गुण लक्षणीय वाढत नसेल, तर त्याला पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार संरक्षण नाही. त्याच्या वर्षभर आधी मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिबचा सक्तीचा परवाना एका भारतीय कंपनीला मिळाला होता आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता. नवं संशोधन अशाने थांबेल ही भीती त्या वेळी बरीच व्यक्त झाली. मला ती अनाठायी वाटते, आणि तसं मी संबंधित प्रकरणात कारणांसह लिहिलं आहे.

अँटीबॉडीच्या बाबतीत कायद्याची लढाई तितकी सोपी नाही, तेव्हा मात्रेकडे पाहावं लागतं. टाटा मेमोरियलने तोंडा-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. हे नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या होत्या. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅब मिळालेल्यांत ४३.४ टक्के. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या प्रदेशात हा निकाल मोलाचा आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांत तो शोधायला जावं लागू नये, म्हणून इथे सविस्तर दिला आहे.

शेवटी वापरण्याबद्दल. पुस्तक सलग वाचायची गरज नाही. आपल्या औषधाचं प्रकरण आधी वाचावं. सुरुवातीला त्याचं लक्ष्य, मग ते लक्ष्य शरीरात आणखी कुठे असतं, मग कोणतं लक्षण दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालेल आणि कोणतं त्याच रात्री सांगायचं, असा क्रम आहे. उपाशीपोटी की जेवणानंतर, हेही प्रत्येक प्रकरणात आहे: इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठ्या ग्लासभर पाण्याने, एर्लोटिनिब रिकाम्या पोटी. घरोघरी सकाळी उठल्याउठल्या घेतली जाणारी ऍसिडिटीची गोळी जेफिटिनिब, एर्लोटिनिब आणि डॅसॅटिनिब अंगी लागू देत नाही, कारण त्यांना पोटातलं आम्ल हवं असतं. ती गोळी औषधात धरली जात नसल्याने डॉक्टरांना कुणी सांगत नाही. ग्रेपफ्रूट आणि त्याचं भावंड पपनस यांचंही पथ्य दिलं आहे. रुग्णाने घ्यायच्या मात्रा कुठेही दिलेल्या नाहीत. त्या डॉक्टरांनी ठरवायच्या. पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान जोडलं आहे. औषधाचं नाव, त्याचं लक्ष्य, सुरू केल्याची तारीख, शेवटच्या सलाईनची तारीख आणि कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन नंबर त्यावर लिहावा, पान फाडून फाइलला सगळ्यांत वर टाचावं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाताना निदान एवढं तरी बरोबर न्यावं.